हाजीअलीच्या वळणावर

मुंबईस गेलेला पाहुणा महालक्ष्मीचें दर्शन घेतो, भरती नसेल तर समुद्रांतील दर्ग्याची वाट चालतो, घोड्यांच्या शर्यतीचें विस्तीर्ण पटांगण लांबून पाहतो आणि परततो. याच टापूंत, केशवराव खाड्ये मार्गावर, १९५५ सालीं स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. पुतण्याचा चार वर्षांचा मुलगा व सूनबाई यांजबरोबर गेल्या मार्गशीर्षांत तेथें जाण्याचा योग आम्हांस आला.

मुलास सेरेब्रल पाल्सी आहे. गर्भांत, जन्मतांना किंवा जन्मानंतर लवकरच कोवळ्या मेंदूस इजा पोंचते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची उणीव, तीव्र कावीळ हीं त्याचीं कांहीं कारणें. हजार जन्मांत अशीं सुमारें दोन-तीन मुलें असतात. ती इजा पुढें वाढत नाहीं. परंतु हाडें वाढतात, ताठ स्नायू त्या मानानें लांबत नाहींत. मग टाच उचलली जाते, गुडघे एकमेकांस घासतात, खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकूं लागतो. आईनें ग्रहणांत विळी धरली, असें जें घरोघर बोललें जातें, त्यास कांहीं आधार नाहीं. त्या आईला मात्र तें जन्मभर पुरतें.

व्यायामोपचाराच्या दालनांत सतरंज्या, भलेमोठे रबरी चेंडू, दोन समांतर दांड्या आणि त्यांच्या टोकास आरसा. सात-आठ वर्षांची एक मुलगी पायांस कॅलिपर लावून त्या दांड्यांमधून निघाली होती. दहा-बारा फुटांची मजल. तीन वेळां थांबली, घामाघूम झाली, आणि आरशाशीं पोंचतांच स्वतःस जीभ दाखवून वळली!

पाय चोळणें, ओढणें येथें फारसें दिसलें नाहीं. बाईंनीं आमच्या बाळास बाकावर बसविलें व समोरच्या तिपाईवर लाल मोटार ठेविली. ती घ्यावयाची तर तिपाईची कड धरून उठणें भाग. बाळ आमच्याकडे पाहूं लागला. सूनबाई पुढें सरल्या, तोंच बाईंनीं नजरेनेंच त्यांस थांबविलें. चौथ्या खेपेस तो उठला, क्षणभर टिकला, मोटार हातीं आली. मूल कांहीं हेतु धरून स्वतः जें करतें, तेंच त्याच्या मेंदूंत मुरतें. नुसत्या ताणण्यानें फारसें साधत नाहीं, असें अलीकडील संशोधनहि सांगतें. आम्हां शिक्षकांस हें नवें नाहीं. गुरुजींनीं शंभर वेळां म्हटली म्हणून शब्दरूपावली शिष्याच्या मुखीं येत नाहीं.

“चालेल का?” सूनबाईंनीं विचारलेंच. १९९७ पासून या मुलांच्या हालचालीच्या पांच पायऱ्या ठरल्या आहेत. बाईंनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें, “तिसरी पायरी आहे. वॉकर धरून घरांत, वर्गांत चालेल. लांबच्या वाटेस चाकांची खुर्ची.” सूनबाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्गांत, म्हणजे शाळेंत जाईल ना?”

“जाईल. घरांत माणसें किती, आजोबा?”

“अकरा.”

“मग याला उचलणारे हात बावीस! ते आधीं आवरा.”

आम्हांस हंसूं आलें, पण वर्म तेंच होतें. पुण्याहून मुंबईची फेरी नित्य कोणास झेपणार? उपचार घरच्याच दिनक्रमांत बसवावयाचा, आणि एकत्र कुटुंबांत उचलून घेणाऱ्यांस तोटा नसतो, तसा शिकविणाऱ्यांसहि नसावा.

टाच खालीं ठेवणारे प्लास्टिकचे स्प्लिंट संस्थेच्याच कर्मशाळेंत मिळाले. घरीं येतांच कामें वांटलीं. न्याहारीस तळवे जमिनीस टेकतील अशा खुर्चीवर बसविणें काकूंकडे. तिपाईचा खेळ भावंडांकडे. सायंकाळीं उभें राहण्याच्या लांकडी चौकटींत त्यास उभा करून परवचा म्हणून घेणें आमच्याकडे आलें. पावकीपर्यंत गाडी आली आहे. खुब्याचें पुढील क्ष-किरण चित्र ज्येष्ठांत काढावयाचें आहे.