रीत आणि उत्तर

नियमपत्रक हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याचा विचार मराठी समीक्षेने केल्याचे आमच्या तरी वाचनात आलेले नाही. शिलालेख, ताम्रपट, महजर, करीना हे सारे आपण एम. ए.च्या वर्गात मानाने शिकवतो. पण वर्षारंभीच्या पहिल्या तासाला जो पाठपोट छापलेला कागद वाटला जातो, ज्यात हजेरी किती हवी, वही कशी हवी, चाचणी बुडाली तर काय, हे लिहिलेले असते, त्याच्याकडे कोणी मजकूर म्हणून पाहत नाही. विद्यार्थी त्याची घडी घालून वहीच्या पुठ्ठ्यात सरकवतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत तो तिथेच राहतो. आम्हीही तो कधी नीट वाचला नसता. परंतु गणित विभागाच्या अशाच एका इंग्रजी कागदाचे मराठी करून देण्याचे काम आम्हा दोघांकडे आले, आणि मग प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागले.

हे काम मराठीच्या अध्यापकांकडे का यावे, ते आधी सांगायला हवे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना आली. तीत विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय घ्यावाच लागतो. मराठी किंवा इतिहास मुख्य विषय असलेल्या मुलांना अकलूजसारख्या गावात त्यासाठी विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या दारात जावे लागते. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी या मुलांसाठी दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा, प्रारंभिक बीजगणिताचा अभ्यासक्रम मांडला. त्याला कोणी येणार नाही अशी आमची खात्री होती. दहावीचा ‘गणित भाग १’ हा पेपर कसाबसा ओलांडून, आता जन्मात पुन्हा समीकरणाचे तोंड पाहायचे नाही, या निश्चयानेच तर निम्मी मुले कला शाखेत येतात. पण वर्ग भरला. पोलीस भरतीला अंकगणित आहे, तलाठ्याच्या परीक्षेला आहे, स्पर्धा परीक्षांच्या पूर्वपरीक्षेलाही ते चुकत नाही. जे दार मागे ओढून घेतले होते, त्याच्याच पलीकडे नोकरी आहे, हे या मुलांना आमच्याआधी कळले होते.

(शासनाच्या धोरणातली एक गंमत जाता जाता नोंदवावीशी वाटते. २०२४मध्येच शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचवली गेली, की दहावीला गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी किमान वीस गुण मिळवणाऱ्याला पुढे जाऊ द्यावे, पण या विषयांचे पुढचे शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. म्हणजे शाळेने गणिताचे दार लावून घ्यायचे आणि पदवीने विद्याशाखेचे कुंपण सक्तीने ओलांडायला लावायचे. दोन्ही कागद एकाच काळात तयार होत होते.)

तर तो कागद. मूळ इंग्रजीचा साचा उघडच परदेशी महाविद्यालयांचा होता. त्यात ‘ऑफिस अवर्स’ होते. आमच्याकडे सहा जणांत एक टेबल आहे, म्हणून आम्ही ‘शंकानिरसनाची वेळ’ असे लिहिले आणि स्थळ मोघम ठेवले. बुडालेल्या चाचणीबद्दलचा नियम सरळ होता. कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही, याचे मराठी करण्याची गरजच नव्हती. अडचण वाटली ती सगळ्या कागदाच्या प्रयोगाची. ‘स्वीकारला जाणार नाही’, ‘विचार केला जाणार नाही’, ‘बसू दिले जाणार नाही’ अशी कर्ता गिळून टाकलेली वाक्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत. गणिताची मराठी स्वतः अशी नाही. बीजगणिताचे कोणतेही मराठी पुस्तक उघडावे, ते ‘मानू’, ‘घेऊ’, ‘मांडू’, ‘सोडवू’ असे बोलत असते. अज्ञात राशीपुढे उभे राहताना लेखक विद्यार्थ्याला सोबत घेतो. विषय ‘आपण’ म्हणतो आणि विषयाचे नियम मात्र कोणीच कोणाशी बोलत नसल्यासारखे. आम्ही जमेल तिथे ‘आपण’ आणले. सहकाऱ्यांनी ते निम्म्या ठिकाणी खोडले. नियमाला थोडी जरब हवी, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वस्वी चूक आहे असे आम्हांस वाटत नाही.

हजेरीच्या कलमाशी मात्र आम्ही बराच वेळ झटत बसलो. ‘ज्या विद्यार्थ्याची उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांहून कमी असेल, त्यास परीक्षेस बसता येणार नाही.’ वाक्य निर्दोष आहे. जो-तो, ज्याला-त्याला, जितका-तितका ही आपल्या भाषेतली संबंधी वाक्यरचना, कायद्याची आणि म्हणींची आवडती. पण या ‘ज्या’च्या जागी अकलूजमध्ये कोण येऊन बसते? सत्राच्या सुरुवातीलाच तुकोबांची पालखी सराटीला नीरा ओलांडून अकलूजला येते, माने विद्यालयाच्या मैदानात गोल रिंगण होते. माउलींची पालखी माळशिरस-वेळापुरावरून जाते. तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसांत वारकऱ्यांचा स्वयंपाक असतो आणि त्या घरातली मुलगी वर्गात नसते. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की कोणाच्या घरच्या उसाला तोड येते, तर कोणाचे आईवडीलच तोडीवर जातात आणि घर थोरल्या मुलीच्या गळ्यात पडते. वार्षिक सरासरीत हे सारे गैरहजेरीचे टक्के होतात. नियम सर्वांना सारखा असावा हे आम्हीही मानतो. परंतु समीकरणात एखादी अज्ञात राशी असली तर ती शोधून काढणे हे सोडवणाऱ्याचे कर्तव्य असते. नियमातला अज्ञात मात्र अज्ञात राहिला तरी कलमाचे काम चालते. शेवटी त्या कलमाखाली एक ओळ घालण्यास सहकारी राजी झाले : ‘सलग तीन तास अनुपस्थित राहावे लागणार असेल, तर कारण आधी सांगावे, तेवढे तास शनिवारी भरून घेऊ.’ ‘घेऊ’ हे क्रियापद त्यांनी खोडले नाही.

या जो-तो रचनेवरून आम्हांस पाटणचा शिलालेख आठवणे अपरिहार्य होते. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळातला हा शके ११२८चा लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला आणि शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेखां’तून तो आपल्या वर्गात आला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. म्हणजे गणित शिकवण्यासाठी महाराष्ट्रात निघालेल्या एका संस्थेचा हा दस्तऐवज. त्यात वंशाची, विद्येची थोरवी सांगितली आहे ती संस्कृतात. पण मठाला रोज काय मिळेल, कोणी किती द्यायचे, हे व्यवहाराचे कलम आले की लेख मराठीत बोलू लागतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, गिऱ्हाइकाकडून पोफळे, आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी-पळी तेल. आपण हा लेख दरवर्षी भाषिक विशेषांसाठी शिकवतो, ‘जेती’, ‘तेती’ ही रूपे फळ्यावर लिहितो, विभक्ती सांगतो आणि पुढे जातो.

पण त्या कलमाकडे बीजगणित म्हणून पाहावे. घाणे किती, ते लेखाला ठाऊक नाही. पुढल्या वर्षी वाढतील, दुष्काळात बंद पडतील. म्हणून तो आकडा सांगत नाही, नाते सांगतो : जेवढे घाणे, तेवढ्या पळ्या. आणि ज्यांच्या ग्रंथांसाठी हे तेल जमा व्हायचे, त्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीचे नाव काय आहे? ‘यावत्तावत्’. म्हणजे अक्षरशः जेवढे-तेवढे. कालक, नीलक, पीतक, लोहितक ही रंगांची नावे दुसऱ्या-तिसऱ्या अज्ञातासाठी. पहिला अज्ञात हे संबंधी सर्वनामच. लेख लिहिणाऱ्याने हे जाणून केले असेल, असा दावा आम्ही करणार नाही. मराठीत ते दुसऱ्या रीतीने म्हणताही येत नाही. पण ज्या मुलांना ‘क्ष’ परका वाटतो, त्यांच्या तोंडी त्याचे काम करणारा शब्द निदान आठशे वर्षे आहे, एवढे त्यातून नक्की दिसते. ‘क्ष’ आणि ‘य’ आता पाठ्यपुस्तकांतून बहुतेक गेलेच. मराठी माध्यमाच्या पुस्तकातही रोमन एक्स-वाय छापतात आणि क्ष उरला आहे तो क्ष-किरणांत आणि वर्तमानपत्रातल्या ‘क्ष व्यक्ती’त. (समीकरणाच्या दोन बाजूंना जुन्या परंपरेत ‘पक्ष’ म्हणतात आणि एका पक्षातली राशी दुसऱ्या पक्षात गेली की तिचे चिन्ह बदलते. आमच्या तालुक्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.)

सगळ्यात जास्त वाद झाला तो पाचव्या नियमावर. मूळ इंग्रजीत होते ‘शो ऑल वर्क’. त्याखाली तंबी, की नुसत्या उत्तराला गुण नाहीत. ‘काम दाखवा’ हे उघडच हास्यास्पद. ‘पायऱ्या दाखवा’ चालले असते, पण आम्ही हट्टाने ‘रीत लिहा’ असे घातले, कारण आमच्या शाळेतल्या वहीत उदाहरणाखाली डावीकडे ‘रीत’ आणि शेवटी दोन रेघांत ‘उत्तर’ असेच असे. रीत म्हणजे कृती आणि रीत म्हणजे घराण्याची वागणूकही. हा दुसरा अर्थ गणितात नको, असे सहकाऱ्यांना वाटले. तो चुकत नाही, हे पहिल्या चाचणीत दिसले.

उदाहरण साधे होते. एकीने तीन किलो कांदे आणि दोन किलो बटाटे घेतले, एकशेतीस रुपये झाले, दुसरीने दोन किलो कांदे आणि तीन किलो बटाटे घेतले, एकशेवीस झाले, भाव काढा. नीरेकाठच्या एका गावातली, आमच्या मराठीच्या वर्गातली मुलगी. आई आठवडी बाजारात भाजी विकते, ही तिच्या शेजारी बसते. तिने लिहिले : कांदा तीस, बटाटा वीस. बाकी कागद कोरा. पाचव्या नियमाप्रमाणे गुण शून्य, आणि बाजूला शेजारणीचे पाहिल्याचा संशय. आम्ही तिला विचारले तेव्हा तिने उभ्या उभ्या सांगितले : दोघींचे मिळून अडीचशे, माल पाच-पाच किलो, म्हणजे एक किलो कांदा आणि एक किलो बटाटा या जोडीचे पन्नास. पहिलीने कांदा एक किलो जास्त घेतला, बटाटा एक किलो कमी, आणि दहा रुपये जास्त दिले; म्हणजे कांदा बटाट्याहून दहाने महाग. पन्नासात दहाचा फरक, तर तीस आणि वीस.

ही बेरीज-वजाबाकीची रीत पाठ्यपुस्तकात एकसामयिक समीकरणांच्या प्रकरणात आहे, आणि सहगुणक असे अदलाबदलीचे असतील तर सर्वांत सुटसुटीत तीच. तिच्याकडे रीत नव्हती असे नाही. ती लिहिण्याजोगी गोष्ट आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. बाजारात रीत सांगत बसणाऱ्याचा माल खपत नाही. गिऱ्हाईक उत्तर मागते आणि तेही लगेच. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की तोंडचे गणित आकडे सोयीचे असतात तोवर चालते. भाव साडेसदतीस आणि माल पावणेदोन किलो झाला की ते अडखळते. ‘क्ष’ अडखळत नाही, आणि भरतीच्या परीक्षेत हिला अडखळून चालणार नाही. त्यांचे हे बरोबरच होते. आमचे म्हणणे एवढेच, की लीलावतीतली सूत्रेही अशीच पायऱ्यांवाचून आलेली आहेत. त्यांना उपपत्ती जोडली ती पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, १५४५मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत. मध्ये चारशे वर्षे गेली, पण भास्कराचार्यांवर कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहिल्याचा आळ घेतला नाही.

पाचव्या नियमाला मग एक पोटनियम आला : पहिल्या दोन चाचण्यांत रीत शब्दांत लिहिली तरी पूर्ण गुण, तिसरीपासून राशी मानून समीकरण मांडले पाहिजे. शेजारणीचे पाहिल्याचा शेरा खोडला गेला.

तिसऱ्या चाचणीत तसलेच उदाहरण होते, आकडे वाकडे. तिने पहिल्याच ओळीत लिहिले, ‘कां आणि ब मानू’, आणि पुढे सगळे बिनचूक. यावत्तावत्‌चा ‘या’, कालकाचा ‘का’, नीलकाचा ‘नी’ असे आद्याक्षर घेण्याची जी जुनी चाल, ती तिच्या कागदावर कोणी न शिकवता उतरली होती. आम्ही हरखलो. सहकाऱ्यांनी मात्र एक गुण कापला. ‘कां’ म्हणजे कांदा नव्हे, कांद्याचा भाव. राशी ही संख्या असते, वस्तू नव्हे, आणि मुलांचे बीजगणित पुढे नासते ते नेमके इथे. आम्ही लक्षणा पुढे केली : बाजारात ‘कांदा उतरला’ म्हणतात तेव्हा कांदा जिना उतरत नाही, भाव उतरतो, आणि हे त्या मुलीइतके कोणाला माहीत असणार? त्यांनी ऐकून घेतले. गुण दिला नाही. तिला बोलावून पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘कां म्हणजे काय, ते लिही.’ तिने तिथेच, उभ्यानेच, वर चिकटवून लिहिले : ‘कां म्हणजे एक किलो कांद्याचा भाव, रुपयांत.’ मग विचारले, ‘आता गुण मिळेल का सर?’