जुन्या बुलेटचं ऑइल

कास्ट आयर्न बुलेट घेऊन गॅरेजात आलेला माणूस बहुतेक वेळा आधी डबा दाखवतो आणि मग गाडी. एखादा म्हणतो, "मिस्त्री, फुल सिंथेटिक आणलंय, सगळ्यात महागातलं. चालंल न्हवं हिला?" दुसऱ्याला वडिलांनी वापरलेलं घट्ट, सिंगल ग्रेडचंच ऑइल हवं असतं. दोघांचाही गाडीवर जीव असतो. मी दोघांना एकच सांगतो, डबा बाजूला ठेवा, आधी इंजिन समजून घेऊ. ऑइल कुठून निघतं, कुठल्या वाटेनं जातं आणि कुठं उशिरा पोचतं हे कळलं, की निम्मी निवड तिथंच होते.

१९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एन्फिल्ड यांनी मिळून मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी केली. रेडिचचा कारखाना पुढं बंद पडला, पण तिथला बुलेटचा हा आराखडा आपल्याकडे अर्धशतकाहून जास्त काळ चालत राहिला. त्यात ऑइलची टाकी वेगळी लटकवलेली नाही. क्रँककेसच्याच ओतकामात क्रँकच्या मागं एक कप्पा आहे आणि त्यात साधारण सव्वादोन लिटर ऑइल मावतं. क्रँकच्या टायमिंग साइडच्या टोकावरचा वर्म दोन पंप चालवतो. एक पंप कप्प्यातलं ऑइल फिल्टरमधून बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला देतो, दुसरा खाली साचलेलं ऑइल उचलून परत कप्प्यात टाकतो. बाहेरून दिसणाऱ्या बारीक नळ्यांतून ते हेडमधल्या रॉकरपर्यंत चढतं. बिगएंडला रोलर नाहीत, तरता बुश आहे. त्याच्या आतून आणि बाहेरून ऑइलचा पातळ थर असेल तोवरच तो टिकतो. म्हणून या इंजिनाची पहिली मागणी अशी की किक बसल्यावर ऑइल लवकर पोचलं पाहिजे, आणि इंजिन तापल्यावरही तो थर फाटता कामा नये.

या दोन्ही मागण्या २०W५० या एका ग्रेडमध्ये बसतात. यातला २० थंडीतली वागणूक सांगतो, ५० तापल्यानंतरची. शंभर अंश सेल्सिअसला ५० ग्रेडच्या ऑइलची घट्टता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावी लागते. बुलेटचा सिलिंडर बिडाचा आणि हवेवर थंड होणारा. बीड ॲल्युमिनियमइतक्या चटकन उष्णता सोडत नाही. मे महिन्यात भर दुपारी घाट चढणाऱ्या, किंवा विदर्भात पंचेचाळीस अंशांत चालणाऱ्या गाडीला हा ५० लागतोच. पण जानेवारीतल्या पहाटे सिंगल ग्रेडचं ५० नंबरचं ऑइल बरणीतल्या काकवीसारखं वागतं. वाकडी केलेली बरणी धरून बसावं लागतं, तसा पंपही वाट पाहत राहतो आणि बिगएंडचा बुश तेवढा वेळ कोरडा फिरतो. इंजिनाची बरीच झीज अशा पहिल्या काही क्षणांत होते.

गळती होते म्हणून आणखी घट्ट ऑइल ओतणं मला मुळीच पटत नाही. गळती पॅकिंगची, घासलेल्या फेसची किंवा तुंबलेल्या ब्रीदरची असते. ती तिथंच बरी करावी. घट्ट ऑइलनं खालचा डाग लहान होईल, पण त्याची किंमत बिगएंड भरेल.

ग्रेड ठरली, आता आतला मसाला. बुलेटचे टॅपेट सपाट तळाचे आहेत आणि ते कॅमवर थेट घासत चालतात. त्या जागी दाब इतका असतो, की नुसता ऑइलचा थर पुरत नाही. जस्त आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं द्रव्य तिथं उष्णतेनं आणि दाबानं धातूवर संरक्षक पापुद्रा धरतं. मोटारींच्या धुराड्यातले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसनं खराब होतात, म्हणून २००४ नंतरच्या मानकांनी ५W३०सारख्या पातळ ग्रेडमध्ये त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यावर रोखलं. नव्या मोटारीसाठी ते योग्यच आहे. पण म्हणून मोटारीचं उरलेलं पातळ ऑइल बुलेटमध्ये ओतायचं नाही. डब्यावर जासो एमएचा, म्हणजे मोटरसायकलच्या ऑइलच्या जपानी मानकाचा शिक्का बघावा. हा शिक्का ओल्या क्लचसाठी आहे असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्याच मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा अशीही अट आहे, आणि बुलेटच्या कॅमला तिचाच जास्त उपयोग आहे.

कारण या बुलेटच्या क्लच प्लेटा इंजिनाच्या ऑइलमध्ये नसतातच. इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स, तिन्हींचं ऑइल वेगवेगळं. चेनकेसमध्ये तेच २०W५० घालत असाल, तर तिथं शिक्क्याचं क्लचशी काम पडतं. ही वेगळी मांडणी इंजिनाच्या पथ्यावर पडते. मल्टिग्रेडमधले लांब साखळीचे पॉलिमर गिअरच्या दातांत चिरडून तुटतात आणि ऑइल पातळ पडतं. इथं ते दात वेगळ्या घरात आहेत. म्हणून चांगल्या मिनरल ऑइलनंही या इंजिनाचं उत्तम भागतं. सिंथेटिक वाईट नाही, पण त्याच्या लांब आयुष्याचा फायदा इथं फारसा मिळत नाही. छोट्या फिल्टरच्या या इंजिनात ऑइल झिजण्याआधी मळतं.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आली, तर कुठलंही ऑइल घालण्याआधी मी तळ उघडतो. तिथं काळा गाळ बसलेला असतो. आजच्या ऑइलमधलं डिटर्जंट तो सोडवतं आणि सुटलेला गाळ बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो. आधी हातानं साफ करायचं, नवा फिल्टर घालायचा, फिल्टरची जागा ऑइलनं भरायची. मग प्लग काढून, डीकॉम्प्रेसर दाबून सावकाश किका मारायच्या. रॉकरच्या नळीचा बोल्ट सैल करून तिथं ऑइल आलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही.

डिपस्टिक बघायचीही रीत आहे. उभ्या गाडीत कप्प्यातलं ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. सकाळी काठी कोरडी दिसते, माणूस घाबरून ऑइल वाढवतो आणि मग ब्रीदर ते बाहेर फेकतो. इंजिन गरम होऊ द्यावं, थोडा वेळ चालू ठेवावं आणि मगच पातळी बघावी. काठीचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर कार्बुरेटरची नीडल तपासावी. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारून ऑइल दुधाळ झालं असेल, तर आत पाणी साठलं आहे, ते बदलावं. नुसतं काळं पडलं म्हणून घाबरू नये, मळ आपल्यात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

विचारणाऱ्याला शेवटी मी एवढंच लिहून देतो: ओळखीच्या कंपनीचं, सीलबंद, जासो एमएचं २०W५० मिनरल, अडीच-तीन हजार किलोमीटरला बदल, गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक वेळी नवा फिल्टर. महाग डबा घेऊन तो वर्षभर लांबवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं या इंजिनाला मानवतं. ज्यांनी हे इंजिन बनवलं, त्यांना आजच्या साध्या डब्याइतकंही चांगलं ऑइल मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी वारंवार बदलण्यावर भिस्त ठेवली, आणि फिल्टर तोच राहिला आहे तोवर त्यांचा तो हिशेब आपणही पाळायला हवा.