सातारा ते सांगली : सुपाच्या वाटेवर

मैत्रिणींनो, ‘क्रीम सूप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरंशुभ्र टेबल, चकचकीत चमचे आणि शेवटी येणारं बिल! माझंही तसंच होतं. पाचगणीच्या एका हॉटेलात मुलांनी गाजराचं क्रीम सूप चाटूनपुसून संपवलं आणि घरी आल्यावर ‘आई, तसलं कर ना’ अशी भुणभुण लावली. मी हौसेनं केलं. गाजर-टोमॅटोच्या उकळत्या रसात दूध ओतलं आणि सगळं फुटून चोथापाणी झालं! यजमान काही बोलले नाहीत, पण लिटरभर दूध वाया गेल्याची रुखरुख मला दोन दिवस पुरली.

पुढे हे सूप जमलं ते हौसेनं नव्हे, गरजेनं. सांगलीला माझ्या आईचे उरलेसुरले दात काढले होते. भाकरी चावेना आणि मऊभाताला ती तोंड लावेना. ‘वन्सं, सासूबाई आठवड्यात निम्म्या झाल्यात हो,’ वहिनीचा आवाज रडवेला झाला होता. मी निघायचं ठरवलं.

सातारच्या मंडईत महाबळेश्वर-पाचगणीकडची केशरी गाजरं आली होती, ती घेतली. रात्री वाघ्या घेवडा भिजत घातला आणि सकाळी निथळून डब्यात भरला. माहुलीजवळच्या स्टेशनवर गाडीत बसले. पुढचंच मोठं स्टेशन कोरेगाव, म्हणजे या घेवड्याचं माहेर. अंगावर तांबूस पट्टे म्हणून तो ‘वाघ्या’. त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

कराड मागे पडलं, किर्लोस्करवाडी गेली. हिरव्यागार उसातून गाडी भिलवडीला आली. कृष्णाकाठचं हे गाव. इथेच १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा सुरू केला. खिडकीतून बघताना मनात आलं, गाजर महाबळेश्वरचं, घेवडा कोरेगावचा, दूध या कृष्णाकाठचं. मग सुपासाठी डब्यातलं महागडं क्रीम कशाला हवं? सांगलीत हळदीला तर तोटाच नाही. तिथल्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं, पण आमच्या आईला तिचं मोल केव्हापासूनच ठाऊक!

घरी पोचताच पदर खोचला. चौघांच्या बेतानं प्रमाण सांगते. वाटीभर भिजवलेला घेवडा, दोन गाजरं, एक कांदा आणि चार लसूणपाकळ्या पाणी घालून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्यांवर मऊ शिजवा. घेवडा कच्चट राहिला तर पोट बिघडतं, म्हणून इथे घाई नको. मग घोटून चाळणीतून गाळून घ्या. कढईत दोन चहाचे चमचे लोणी, चिमूटभर हळद आणि दोन चमचे कणीक मंद आचेवर खमंग परता. लोणी पिठाच्या कणाकणाला लागलं की गुठळ्या होत नाहीत. कढई खाली उतरवून दीड कप कोमट दूध थोडं थोडं घाला, ढवळत राहा आणि पुन्हा आचेवर ठेवून दाट करा. आता हे दूध गाळलेल्या रसात मिसळा, गरम करा, पण खळखळ उकळू नका. मीठ-मिरपूड शेवटी. वरून घरच्या सायीचा फेटलेला चमचा.

माझं पहिलं सूप का फसलं, ते आता ध्यानात आलं असेल. आंबटानं नुसतं दूध फुटतं. पीठ घालून दाट केलेलं सहसा फुटत नाही. टोमॅटो घालायचाच असेल, तर त्याचा रस वेगळा शिजवून दाट दुधात हळूहळू घालावा.

आईनं वाटीकडे संशयानं पाहिलं. ‘हे हॉटेलातलं मला नको गं.’ वहिनीनं एक चमचा जबरदस्तीनं भरवला. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘अगं, हे तर आपलं माडगंच की!’

खरंच की! हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन शिजवलेलं ते दाट, गरमागरम माडगं! पावसाळ्यात, महिनाअखेरीला डबे रिकामे झाले की आई तेच करायची. आम्ही मुली नाकं मुरडायचो आणि मोठेपणी त्याच्याच भावंडासाठी हॉटेलात पैसे मोजत होतो.

त्या रात्री आईनं दोन वाट्या घेतल्या. वहिनी आता आठवड्यातून तीनदा करते, कधी कणकेऐवजी हुलग्याचं पीठ परतून. तुम्हीही करून पाहा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस ताटावरून उपाशी उठत असेल, तर आजच करा.