अर्ज, यंत्र आणि संशोधकाचा प्रश्न

संशोधन-प्रकल्पाच्या अनुदानासाठी करावयाचा अर्ज हा मराठीच्या अभ्यासकांनी नेहमीच दुय्यम मानलेला लेखनप्रकार आहे. विषयाचे महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, अभ्यासपद्धती, कालावधी, अंदाजपत्रक ही त्याची ठरीव अंगे. शिवाय तो पुष्कळदा इंग्रजीत लिहावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी पोथ्यांच्या सान्निध्यात वर्षे घालविलेला अध्यापक या पायरीशीच अडखळतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही अडचण भाषेपुरती तरी पुष्कळ हलकी झाली. मात्र यंत्रास सूचना काय द्यावी, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला.

‘महानुभाव पोथ्यांवर संशोधन-प्रस्ताव लिहा’ एवढेच सांगितले, तर यंत्र एक सुबक प्रस्ताव देते. त्यात ‘समृद्ध वारसा’ असतो, ‘आंतरविद्याशाखीय दृष्टी’ असते. पोथी तेवढी नसते. शेजारच्या महाविद्यालयातील अर्जदारालाही जवळजवळ तोच मजकूर मिळालेला असतो. याउलट, लीळाचरित्राच्या कोणत्या प्रती ताडून पाहावयाच्या, सकळ लिपी कोणास वाचता येते, प्रत्येक मठात किती दिवस मुक्काम लागेल, हे अर्जदाराने स्वतः आधी लिहून दिले, सोबत योजनेची मार्गदर्शक तत्त्वे, शब्दमर्यादा व मूल्यमापनाचे निकष जोडले आणि दिलेल्या माहितीबाहेरचे काहीही घालू नये असे बजावले, तर मसुद्यास वजन येते. त्याहूनही उपयुक्त सूचना म्हणजे, ‘मसुदा लिहू नका, परीक्षक या नात्याने प्रश्न विचारा.’ अंदाजपत्रकातील प्रवासखर्च आणि अभ्यासपद्धतीत नोंदविलेल्या मठभेटी यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट अशा प्रश्नांतून वेळीच ध्यानात येऊ शकते.

पूर्वसंशोधनाचा आढावा मात्र यंत्रावर सोपवू नये. अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि लेख ते निःशंकपणे सांगून जाते. मराठीतील बरेचसे संशोधन अद्याप छापील नियतकालिकांतच असल्यामुळे येथे हा धोका अधिक. (तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळा ठिकठिकाणी विचारून मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, हे या संदर्भात सहज आठवावे.)

अनुदान देणाऱ्या संस्थाही सावध झाल्या आहेत. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने २०२३ मध्ये परीक्षकांना या साधनांचा वापर मना केला. २०२५ मध्ये तिने बहुतांशी यंत्राने रचलेले अर्ज विचारात न घेण्याचे जाहीर केले आणि एका प्रमुख संशोधकास वर्षाला ६ अर्जांची मर्यादा घातली. एकाच फेरीत एकाच संशोधकाचे ४० हून अधिक अर्ज आल्याचा उल्लेख त्या सूचनेत आहे.

म्हणून मराठीच्या अर्जदारानेही संबंधित योजनेचा नियम प्रथम पाहावा. अप्रकाशित पोथीचे पान यंत्रास दाखविण्यापूर्वी महंतांना स्वतंत्रपणे विचारावे. त्यांनी दिलेली अनुज्ञा बहुधा छायाचित्रणापुरतीच असते.