तीन फुल्या आणि एक तलवार

चांदी म्हटली की आपल्या नजरेसमोर लग्नातील दागिने येतात, फार तर वेदीवरील चषक. परंतु एका काड्यापेटीत सबंध स्वयंपाकघर मावावे अशीही चांदी जगात आहे. शेंगदाण्याएवढी किटली, नखाएवढी खुर्ची, हिवाळ्यात पाय शेकण्याची चिमुकली शेगडी, फिरणाऱ्या चाकाचा चरखा! २००९ साली अभ्यासानिमित्त काही महिने हॉलंडमध्ये राहिलो, तेव्हा या चांदीची मला ओळख झाली.

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या धनाढ्य स्त्रिया बाहुलीघरे सजवीत असत. पेट्रोनेला ऊर्टमन या बाईने १६८६ च्या सुमारास सजवावयास घेतलेले घर आज तेथील राइक्सम्युझियममध्ये आहे. ही मुलांची खेळणी नव्हेत. तो प्रौढांचा, आणि मोठ्या खर्चाचा, छंद होता. पुढे अठराव्या शतकात आर्नोल्डस व्हान गेफनसारखे रौप्यकार अशा लघुवस्तू घडविण्यात नावाजले.

या वस्तूंहूनही मला मोह पडला तो त्यांवरील शिक्क्यांचा. ॲमस्टरडॅमच्या जुन्या चांदीवर भिंगातून पाहिले असता चार खुणा आढळू शकतात. कारागिराची खूण ही त्याची स्वतःची सही. मुकुटाखाली एकाखाली एक तीन फुल्या हे शहराचे चिन्ह. प्रेषित संत अंद्रियाचा क्रूस म्हणून आपण ओळखतो, त्याच आकाराच्या या फुल्या. मागील दोन पायांवर उभा असलेला मुकुटधारी सिंह हॉलंड प्रांताचा. तो उच्च प्रतीच्या चांदीची ग्वाही देतो. चौथे, वर्ष सांगणारे अक्षर. कारागीर आपल्या कामाविषयी काय म्हणतो, एवढ्यावर भागत नसे. त्याच्या मालाचा कस दुसऱ्या कोणी पाहावा आणि मगच शहराने आपली खूण उमटवावी, असा तो शिरस्ता होता.

१८१४ साली नवा कायदा आला आणि लहानसहान वस्तूंसाठी इवल्याशा तलवारीचा शिक्का ठरला. हजार भागांत किमान ८३३ भाग शुद्ध चांदी आहे, एवढेच ती तलवार सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या लघुवस्तूंना मागणी वाढली, तेव्हा नव्या वस्तूंवर जुन्या धर्तीचे शिक्के मारण्याचीही चाल पडली.

मी राहत होतो त्या धर्मग्रामातील एका वृद्धेने एके दिवशी आपली पेटी माझ्यापुढे उघडली. दिवंगत पतीने जमविलेल्या सहा वस्तू तीत होत्या. त्या अठराव्या शतकातील आहेत असे समजून, त्या विकून नातीच्या शिक्षणाची सोय करण्याचा तिचा बेत होता. पाच वस्तूंवर मला शंका घेण्याजोगे काही दिसले नाही. सहावी होती कपड्यांची इस्त्री, सर्वांत देखणी. तिच्यावर तीन फुल्या होत्या, सिंहही होता. पण वर्षाचे अक्षर आणि कारागिराची खूण यांचा मेळ बसेना. मुठीजवळ पाहतो तो तलवार!

क्षणभर वाटले, गप्प राहावे. घेणाऱ्याला कोठे कळणार आहे? आणि मुलीच्या शिक्षणाहून पवित्र कारण ते कोणते? परंतु ज्या खुणांचा जन्मच ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी झाला, त्या वाचता येणाऱ्यानेच मौन धरावे हे मनाला पटेना. मी सांगितले. बाई थोडा वेळ इस्त्रीकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे फादर, चांदी खरी आणि वय खोटे?”

“होय.”

“मग हिचे वय मी सांगूनच विकीन.”

त्यांनी तसेच केले. इस्त्रीला फारच कमी किंमत आली.

पुष्कळदा मनात येते, त्या इस्त्रीवर खोटी साक्ष देणाऱ्या खुणा मोठ्या आणि डौलदार होत्या. खरी साक्ष देणारी तलवार तिळाएवढी होती. तरीही ती तेथे होती. भिंग घेऊन पाहण्याचे कष्ट मात्र कोणीतरी घ्यावे लागतात, आणि दिसलेले सांगण्याचे धैर्यही. त्या बाईंपाशी ते माझ्याहून अधिक होते.