रात्रपाळी… समुद्रावरची!

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असता? बहुतेक लोकलच्या दारात, नाहीतर ‘लास्ट मेल’ टाइप करत. गेल्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी गेटवेसमोर एका तीस फुटी शिडाच्या बोटीत होते आणि आम्ही नांगर उचलत होतो. मुक्काम : मुरूड-जंजिरा. अंतर साधारण चाळीस सागरी मैल, म्हणजे पाऊणशे किलोमीटर. गाडीने गेलात तर अलिबागला नाश्ता करूनही दुपारच्या जेवणाला पोहोचाल. आम्हाला अख्खी रात्र लागणार होती!

बोटीवर आम्ही तिघं. नेव्हीतून रिटायर झालेले सर, एक मित्र आणि मी. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं आणि वारा चक्क गायब. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. दोन्हींच्या मधे जो ब्रेक असतो, त्यात आम्ही सापडलो होतो. तासभर इंजिनवर काढला. मग डावीकडून, किनाऱ्याकडून, गार झुळूक आली, शीड भरलं, इंजिन बंद झालं… आणि ती शांतता! फक्त पाण्याची सळसळ. स्पीड साडेतीन नॉट, म्हणजे फार तर जॉगिंगचा.

अकराच्या सुमारास खांदेरी आली. महाराजांनी 1679 मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. 2025 मध्ये हाच किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. रात्री मात्र दिसतो तो फक्त दीपगृहाचा झोत. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी असते. सेकंद मोजायचे, नकाशाशी ताडायचे, की कळतं आपण कुठे आहोत.

एक ते तीन माझी पाळी. हार्नेस बोटीला अडकवलेला, डोक्याला लाल टॉर्च (पांढऱ्या उजेडाने डोळ्यांना अंधार दिसेनासा होतो). झोपायला जाताना सर म्हणाले, “डाऊट आला की उठवायचं. झोपलोय म्हणून लाजायचं नाही.”

रात्रीच्या समुद्रावर सगळा खेळ दिव्यांचा. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे. दोन्ही एकदम दिसले तर? तर ते सरळ आपल्याच अंगावर येतंय!

दोनच्या सुमारास, डावीकडे कोर्लईचा दिवा लुकलुकत असताना, समोर दोन्ही दिसले. लाल आणि हिरवा, वर एकाखाली एक पांढरे.

आणि मी काय केलं? काहीच नाही. वळेल आपोआप, असं स्वतःला सांगितलं. सर आत्ताच झोपलेत. पहिल्याच पाळीत उठवलं तर काय म्हणतील? ऑफिसात नाही का आपण, काही अडलं तरी ‘येस, ऑन इट’ म्हणून मोकळे होतो? तसंच. दिवे मोठे होत गेले, जागा मात्र बदलेनात. पंधरा नॉटने येणारं जहाज चार मिनिटांत एक सागरी मैल कापतं, हे गणित मला पाठ होतं. तरी दहा मिनिटं मी गप्प बसले.

शेवटी हाक मारली. सर दोन सेकंदांत वर. एकदाच समोर पाहिलं, सुकाणू फिरवलं, बोट उजवीकडे वळली. हिरवा दिवा विझल्यासारखा दिसेनासा झाला, उरला फक्त लाल. थोड्याच वेळात एक काळी इमारत आमच्या डावीकडून घरघरत मुंबईकडे गेली. मग तिच्या लाटांनी आम्हाला गदागदा हलवलं. माझे पाय थरथरत होते ते लाटांमुळे नव्हे.

सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अगं, दहा मिनिटं आधी उठवायला हवं होतंस.” आणि चहा टाकला.

दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’तून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांना उठवायला कुणीच नव्हतं! त्या रात्री मला त्याचा अर्थ थोडासा कळला.

साडेसहाला पद्मदुर्गाची काळी आकृती दिसली, मग जंजिरा. राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला तेव्हा मासेमारीच्या होड्या बाहेर निघाल्या होत्या. एका होडीतल्या मावशींनी विचारलं, “रातभर आलात? कशाला?” उत्तर सुचलं नाही.

तुम्हालाही जायचंय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. आधी मुंबईतल्या एखाद्या सेलिंग क्लबात दिवसाचं सेलिंग शिका आणि रात्री अनुभवी माणसाबरोबरच जा. लाइफ जॅकेट, गरम जॅकेट, आलेपाक सोबत ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर 1554 सेव्ह करा, पण मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवाच. आणि डाऊट आला की… उठवा!