मिठागरांची लांबी

अंतर या गोष्टीविषयी आम्हा कळंबच्या माणसांची कल्पना मोठी सैल आहे. नालासोपारा स्टेशन येथून किती दूर, असे पाहुण्याने विचारले तर कोणी किलोमीटरांत उत्तर देत नाही. "बस लगेच मिळाली तर अर्धा तास," असे म्हणतात, आणि ती न मिळाल्यास काय, हे विचारण्याचे धैर्य पाहुण्यास होत नाही. समुद्र किती लांब, तर भरती असेल तर सुरूंच्या पलीकडे हा इथे, ओहोटी असेल तर चालावे लागेल! जमिनीच्या बाबतीत मात्र हीच माणसे विलक्षण काटेकोर होतात. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागेचा एक गुंठा, हे कोष्टक माझ्या वडिलांना रामरक्षेइतके पाठ होते. केळीच्या वाडीचा बांध एक आणा, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, सरकला असा नुसता संशय आला तरी दोन घरांतले हळदीकुंकू बंद पडे. ज्याचे काही जाणार असते तोच नीट मोजतो.

माझे काही जाणार आहे अशी जाणीव मला सत्तरी उलटल्यावर व्हावी, आणि तीही एका खेळापायी, याची मौज वाटते.

माझा नातू कॅनडात वाढला. त्याला संगणकावर आगगाडीचे मार्ग बांधण्याचा नाद आहे. या प्रकाराला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. याला खेळ म्हटलेले त्याला खपत नाही, आणि त्याचे खरेही आहे. कारण खेळात इतके गणित कोणी करीत नाही. २००१ साली या जातीची दोन प्रसिद्ध साधने बाजारात आली. एक मायक्रोसॉफ्ट कंपनीचे आणि दुसरे ऑस्ट्रेलियातील 'ट्रेन्झ'. ट्रेन्झमध्ये रूळ दोरीसारखा हवा तसा वाकवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या साधनात मात्र रुळांचे ठरावीक लांबीचे सरळ तुकडे आणि ठरावीक त्रिज्येचे वाकडे तुकडे असतात, आणि ते मुलांच्या खेळण्याप्रमाणे एकाला एक जोडत जावे लागतात. माझा नातू या दुसऱ्या पंथाचा. त्याने बांधायला घेतला तो मार्ग भाईंदर ते विरार, सुमारे सतरा किलोमीटरांचा. एवढ्या मोठ्या जगात हाच का, असे मी विचारले नाही. तीन वेळा तो येथे आला, आणि तिन्ही वेळा गाडीच्या दारापाशी उभे राहण्यावरून त्याने आईची बोलणी खाल्ली, एवढे मला पुरेसे आहे.

या उद्योगात लांबीला इतके महत्त्व का, हे प्रथम माझ्या लक्षात येईना. घर दहा मीटर इकडेतिकडे झाले तर पाहणाऱ्याला कळत नाही. पण रूळ हा पाहण्याचा पदार्थ नव्हे. त्यावरून वेळ धावत असते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर तोडते. मार्ग किलोमीटरभर आखूड झाला की तेवढ्या वेगाच्या गाडीचे एक मिनिट गेले, वेळापत्रक लटके पडले, आणि मोटरमनने ब्रेक जेथे लावायचा ती जागाही चुकली.

मग लांबी मोजायची कशी? उपग्रहावरून घेतलेल्या चित्रावर पट्टी ठेवून सरळ अंतर निघते, पण गाडी सरळ जात नाही. हजार मीटर त्रिज्येचे आणि तीस अंशांचे वळण घ्या. टोकापासून टोकापर्यंत पट्टी ५१७.६ मीटर दाखवते, रुळावरून मात्र ५२३.६ मीटर जावे लागते. एका वळणात सहा मीटर! रेल्वेची माणसे वळण मोजतात ती रीत मला फारच आवडली. वीस मीटरांची दोरी रुळाच्या आतल्या कडेला टोकाला टोक लावून ताणायची, आणि तिच्या मध्यापासून रूळ किती मिलिमीटर दूर राहिला ते पाहायचे. पन्नास हजारांना त्या आकड्याने भागले की वळणाची त्रिज्या मीटरांत हाती येते. एक दोरी आणि एक भागाकार. माझ्या वडिलांना हे कळते तर त्यांनी वाडीभोवती लगेच करून पाहिले असते. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० काँक्रीटचे स्लीपर असतात, तेव्हा चित्रातले स्लीपर मोजूनही अंतर निघावे. पण झाडाची एक फांदी किंवा मालगाडीचा एक डबा आड आला की ती मोजणी संपली.

रुळांवर उतरून मोजण्याचा प्रश्न नव्हता. तो गुन्हा आहे, आणि माझे गुडघेही कायद्याच्याच बाजूचे आहेत. तेव्हा माझ्याकडे दोन कामे आली. एक फलाट पावलांनी मोजण्याचे. माझे पाऊल जवळजवळ एक आण्याचे भरते, हे मी आधी अंगणात पाहून ठेवले. दुसरे काम विजेच्या खांबांचे. या खांबांवर वर किलोमीटरचा आकडा आणि खाली त्या किलोमीटरातला खांबाचा अनुक्रम लिहिलेला असतो. खांबांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते, वळणावर ते जवळजवळ येतात, म्हणून नुसते खांब मोजून भागत नाही. वरचा आकडा बदलतो ती जागा पकडावी लागते. दुपारच्या गाडीत खिडकीशी वही घेऊन मी हे आकडे टिपू लागले तेव्हा समोरच्या मुली कुजबुजल्या, आणि शेवटी एकीने विचारलेच, "मावशी, सकाळची एखादी जादा गाडी मिळणार का हो?"

इथवर सारे सुरळीत चालले होते. तंटा झाला तो खाडीवर.

भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये चार-साडेचार किलोमीटर एकही स्टेशन नाही. मिठागरे, तिवरे, मग ७५ आणि ७३ क्रमांकांचे दोन पूल, त्यांच्यामध्ये पाण्याने वेढलेले पंजू बेट, आणि पुन्हा मिठागरे. नातवाने एका रविवारी सुचवले की हा तुकडा दीड किलोमीटरांचा करावा. "आजी, तिथे काहीच नाही. कंटाळा येतो. आणि अशी काटछाट सगळेच करतात."

सगळेच करतात हे खोटे नव्हे. लाकडाच्या फळीवर छोट्या गाड्या चालवणारे शौकीन ही काटछाट पूर्वीपासून करत आले आहेत. पण त्यांची अडचण खरी असते. १:८७ या त्यांच्या नेहमीच्या प्रमाणात आमचे सतरा किलोमीटर बसवायचे तर एकशेपंचाण्णव मीटर लांब खोली लागेल, आणि अशी खोली पदरी असलेल्या मनुष्याने विरारची गाडी कशाला बांधावी? संगणकातल्या जमिनीला भिंती नाहीत. तेथे किलोमीटर फुकट मिळतो. मग तो वाचवायचा कोणासाठी?

मी एकतीस वर्षे नालासोपारा ते चर्चगेट नोकरी केली. छप्पन्न किलोमीटर जाणे, तेवढेच येणे, वर्षाचे दोनशे सत्तर दिवस धरले तर हे साडेनऊ लाख किलोमीटरांच्या घरात जाते. पृथ्वीला तेवीस प्रदक्षिणा घालून वर थोडे उरते. या साऱ्या प्रवासात माझी स्वतःची म्हणावी अशी जागा एवढीच, जिला माझा नातू 'काहीच नाही' म्हणतो. भाईंदरपर्यंत मी मुंबईची होते. कचेरी, साहेब, राहिलेली कामे, मधल्या स्टेशनांवरची चढउतार. भाईंदर सुटले की बायका पदर सैल करीत, कोणी भजन धरी, कोणी पिशवीतून मटार किंवा मेथी काढी, आणि खिडकीतून खारा वारा आला की मी कळंबची होत असे. त्याला पाच-सहा मिनिटे लागत. ती दोन मिनिटांत झाली असती तर मी कचेरीची कटकट घेऊनच घरात शिरले असते, आणि त्या मुलाच्या आईला लहानपणी आणखी चार रट्टे बसले असते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली, तेव्हापासून आम्हा खाडीपलीकडच्या लोकांनी हे अंतर रोज दिवसाच्या मिनिटांत चुकते केले आहे. ते दीड किलोमीटरांचे केले तर आमचे गाव अंधेरी-बोरिवलीसारखे मुंबईलाच चिकटून जाते. मग ही भाईंदर-विरारची गाडी कसली? दोन स्टेशनांची चित्रे जोडली, झाले.

हे सारे मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हटले, "पुढच्या रविवारी तुझी आखूड गाडी चालवून दाखव." आणि मी मेथीची अर्धी जुडी पुढ्यात घेऊन दूरध्वनीच्या पडद्यासमोर बसले. गाडी भाईंदरहून निघाली. मुळे तोडून माती झटकते आहे तोच नायगावचा फलाट आला! पोरगा हसला. मग त्याने, केवळ म्हातारीचे समाधान म्हणून, पूर्ण लांबीचा मार्ग जोडला, त्याला दोन आठवडे लागले. मध्ये मिठागरे अजून रंगवलेली नव्हती. नुसती करडी जमीन आणि त्यावर रूळ. गाडी चालली, चालली, पूल आला, बेट आले, पूल आला. दोघेही बोललो नाही. नायगाव आले तेव्हा माझ्या ताटात देठ एकीकडे आणि पाने एकीकडे झाली होती, शेवटच्या दोन काड्या सोडून. तो म्हणाला, "आजी, हे खरंच बरंच लांब आहे." इतकी वर्षे जाऊन येऊन त्याच्या आईने हे वाक्य त्याला का सांगितले नव्हते, कोण जाणे.

आता कापाकापीची भाषा नाही, पण नवे संकट उभे आहे. एक रूळ तो भाईंदरकडून पुढे नेत होता आणि दुसरा विरारकडून मागे आणत होता. दोन्ही टोके नालासोपाऱ्याच्या अलीकडे येऊन समोरासमोर थांबली आहेत, आणि मध्ये अकरा मीटरांची फट आहे. त्या मापाचा तुकडा पेटीत नाही. त्याचे म्हणणे, फलाट थोडा सरकवावा, कोणाला कळणार आहे? माझे म्हणणे, वसईपासूनचे खांब आधी पुन्हा टिपून पाहावेत. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते. तेव्हा जाऊन येते, असे त्याला कळवले आहे.